मेडल हरवलं

आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना कोणाच्या मनात किंतू नको. माझा बाप हारला नव्हता. मध्य प्रदेश राज्याच्या बॉक्सिंगच्या फायनलमध्ये त्यानं तिसऱ्या फेरीत समोरच्या गड्याला आडवा केला होता, पंचानं त्याचा हात वर धरला होता आणि गळ्यात मेडल घालून तो बालाघाटच्या स्टेशनावर उतरला होता. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कारण तेव्हा मी जन्मायची होते. पण माझ्या जन्माआधी झालं ते झालंच नाही, असं थोडंच आहे? आमच्या कुटुंबाच्या फोनवरच्या ग्रुपात माझा एक चुलतभाऊ आहे, त्याला असले प्रश्न फार पडतात. गावात नवा हॉल झाला, त्याच्या व्हरांड्यात जुन्या खेळाडूंचं गौरव दालन होणार, असं कळल्याबरोबर त्यानं लिहिलं, ‘काका एकदाच चॅम्पियन झाले होते, नॅशनल खेळले नाहीत. एवढ्यावर भिंतीवर फोटो लागतो का?’ मी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर दोन ओळींचं नव्हतं, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

माझ्या बापाला वास येत नव्हता. नाक दोनदा मोडलेलं, हाड आत बसलेलं. त्यामुळे जेवायला बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “आज काय हाये?” समोर ताट असायचं, त्यात लाखोळीची डाळ दिसायची, अंबाडीची भाजी दिसायची, तरी तो विचारायचा आणि माय सांगायची. तिनं सांगितलं की मग त्याला चव लागायची, असं तो म्हणायचा. आमच्याकडे सणावाराला चिन्नोरचा भात शिजला की चार घरं पलीकडून लोक विचारत यायचे, एवढा त्याचा घमघमाट. बाबाला मात्र काही कळायचं नाही. माय कधीकधी साध्याच तांदळाचा भात वाढून “चिन्नोर हाये” म्हणायची आणि तो डोळे मिटून, बोटं चाटत जेवायचा. आम्हा पोरांना हसू आवरत नसे. पुष्कळ वर्षांनी एकदा तो मला म्हणाला, “तुह्या मायले वाटते मले समजत नाही. शीत कसं फुटते तोंडात, ते का नाकानं समजते?” मी विचारलं, मग बोलले का नाही कधी? तर म्हणे, “ते खुश होत होती ना मले फसवून.”

घर म्हणजे राईस मिलच्या मागच्या दोन खोल्या. बाबा मिलमध्ये पोती उतरवायचा. त्याआधी आम्ही मलाजखंडला होतो, तो तिथे एका ठेकेदाराकडे डंपरवर होता. ते काम संपलं आणि आम्ही बालाघाटला आलो. अंगणात एक आंबा होता, त्याच्या आडव्या फांदीला त्यानं धानाच्या कोंड्यानं ठासून भरलेलं पोतं टांगलं होतं. सकाळी आम्ही उठायचो ते त्या आवाजानं. आधी एक धप्प, मग जरा थांबून धप्प-धप्प, आणि दर ठोशाला पोत्याच्या विणीतून कोंडा भसकन बाहेर. माय चुलीजवळून ओरडायची, “अजी, माह्या भाजीवर कोंडा येऊन राह्यला!” तो म्हणायचा, “भाजी आत ने.” ती म्हणायची, “पोतंच आत नेतो का आता, बाजूले घेऊन झोप!” रोज हेच. दोघांपैकी कोणीच जागा बदलली नाही. मोहल्ल्यातले लोक त्याला शालिक पहिलवान म्हणायचे, तेव्हा त्याचा पारा चढायचा. “पहिलवान मातीत लोळते. मी उभा राह्यतो,” तो म्हणायचा. वॉर्डातली पंधरा-वीस पोरं त्याच्याकडे शिकायला यायची. रिंग म्हणजे अंगणात चुन्यानं आखलेला चौकोन. शिकवणीचं तो काही घेत नसे, उलट माय त्या सगळ्यांना आंबील पाजायची आणि वर शिव्या घालायची.

मेडलचं सांगायचं राहिलं. ते आमच्या घरी नव्हतं. मलाजखंडहून येताना सामान ट्रकवर लादलं, तेव्हा मायनं मेडलला ओरखडा पडू नये म्हणून ते गोधडीत गुंडाळलं आणि गोधड्यांचं बोचकं बांधलं. घाटातल्या एका वळणावर तेच बोचकं खाली गेलं. पाटा आला, वरवंटा आला, फुटका माठसुद्धा शाबूत आला, आणि मेडल गेलं. माय सात दिवस धड जेवली नाही. बाबा एवढंच म्हणाला, “गोधड्या चांगल्या होत्या वो.”

मी दहावीत होते तेव्हा गावच्या क्लबच्या हॉलमध्ये गौरवफलक लावायचं ठरलं. चांगला सागवानी फळा, त्यावर सोनेरी अक्षरांत जिल्ह्यातल्या त्या खेळाडूंची नावं, जे राज्यात पहिले आले. दुसरे-तिसरे नकोत, फक्त पहिले. अर्ज मागवले होते. बाबाला त्यात गोडी नव्हती, पण शिकायला येणारी पोरं मागे लागली, माय मागे लागली, आणि एका संध्याकाळी त्यानं मला वही घेऊन बसवलं. अर्ज हिंदीत पाहिजे होता. आमचं घर मराठी, शाळा हिंदी. बाबा मराठीत सांगत होता आणि मी हिंदीत लिहीत होते, मोठ्या ऐटीत, वर्गात माझं अक्षर पहिल्या नंबरचं म्हणून. सोबत मेडल जोडा असं नोटिशीत होतं. बाबा म्हणाला, “लिह्य, फायनलचं मेडल माह्याकडून हरवलं, म्हणून लावलं नाही.” मी लिहिलं, ‘फाइनल का मेडल मुझसे हारा गया, इसलिए साथ में नहीं लगा सका।’

आता हे वाचून हिंदीवाला जो काही समजेल, तेच समितीवाले समजले. पण त्या वेळी मला विचाराल तर त्यात काही चूक नव्हती. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांतली पोरं अशीच हिंदी बोलायची. ‘मेरा पेन हरा गया’, ‘मेरी एक चप्पल हरा गई’. पेन हरवलं की ते ‘हरा’ जायचं, आमच्यात कोणी कोणाला हसत नसे. उलट मी जरा जास्तच हुशारी केली. हिंदीत ‘हरा’ म्हणजे हिरवा, एवढं मला कळत होतं. मेडल हिरवं कसं होईल, म्हणून मी विचार करून ह-ला काना दिला. त्या कान्याचा मला अजून राग येतो. बाबानं खाली सही केली. त्याला हिंदी वाचता येत होती की नाही, मला माहीत नाही, त्यानं वाचलं नाही हे खरं. लेकीनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.

पंधरा दिवसांनी क्लबच्या दाराला यादी लागली, त्यात बाबाचं नाव नव्हतं. तेवढं चाललं असतं. पण हापशीवर पाणी भरायला गेले तर एक बाई दुसरीला सांगत होती, “अवो, शालिक पहिलवान हारलाच होता म्हने फायनलमंदी! सोताच लिहून देल्लं त्यानं!” दुसरी म्हणाली, “आन् इतके वर्षं मिशीले पीळ देऊन राह्यला होता!” आणि दोघी अशा हसल्या की बादली माझ्या हातून सुटली. शिकायला येणारी पोरं तीन-चार दिवसांत निम्मी झाली. मी शाळा बुडवून क्लबात गेले. तिथले मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, भले माणूस होते. त्यांनी फाइल काढून अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि त्या ओळीवर बोट टेकवलं. “ये देखो बिटिया. तुम्हारे पिताजी ने खुद लिखा है, हारा गया.” माझंच अक्षर, माझीच ती गोल वळणं. बाबाला कोणीच हरवलं नव्हतं, आणि मी एक काना देऊन पाडलं होतं.

घरी येऊन मी मायसमोर ढसाढसा रडले. तिला आधी कळेचना. “हरवलं म्हनजे हरवलं, त्यात काय झालं?” मग मी समजावून सांगितलं की हिंदीत वस्तू हरवत नाही, गुमते. हारतो तो माणूस. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. ती उठली आणि म्हणाली, “पेटी उतरव.”

पेटी म्हणजे तिच्या लग्नातली पत्र्याची पेटी. तिच्या झाकणाला आतून एक पेपरातलं कात्रण चिकटवलेलं होतं. नागपूरचा मराठी पेपर, कधीचा पिवळा पडलेला. बाबा जिंकला तेव्हा तिनंच ते कणकेच्या खळीनं असं पक्कं डकवलं होतं, की नखानं सोलायला गेलं तर कागदाचा भुगा व्हावा. म्हणूनच तर ते अर्जाला लावता आलं नव्हतं. मायनं आतली लुगडी खाटेवर ओतली आणि रिकामी पेटी घेऊन आम्ही दोघी सायकल-रिक्षात बसलो. बाबा मिलमध्ये होता. रिक्षावाला म्हणाला, “मायके जा रही हो क्या, भौजी?” माय म्हणाली, “नाही. मुकाबल्याले.”

हॉलमध्ये समितीची बैठक होती. पाच माणसं, समोर चहा आणि समोसे, मधोमध अध्यक्ष. त्यांना सगळे भैयाजी म्हणायचे. भिंतीला टेकून तो फळा उभा होता, पेंटर खाली बसून अक्षरं काढत होता. मायनं पेटी टेबलावर ठेवली, समोशांच्या शेजारीच, आणि झाकण उघडलं. भैयाजींनी चष्मा लावून वाकून वाचलं. बाबाचं नाव त्यांना लागलं, फायनलमध्ये त्यानं पाडलेल्या जबलपूरच्या पोलिसाचं नावही लागलं. पुढे ते अडखळले. “...ला हरवले. ये ‘हरवले’ क्या हुआ?”

“हराया,” मी म्हणाले. “हरवले मतलब हराया.”

“और तुमने अर्ज़ी में जो लिखा, हारा गया?”

“वो ‘हरवलं’ से लिखा. मतलब गुम गया. गलती मेरी है, बाबा की नहीं.”

“अच्छा!” भैयाजी खुर्चीत मागे टेकले. “यानी आपकी मराठी में एक ही शब्द है. कभी हरा दिया, कभी गुम गया. जैसी ज़रूरत, वैसा मतलब!” सगळे हसले. पेंटरसुद्धा हसला. भैयाजी पुढे म्हणाले, “और फिर अख़बार नागपुर का. मध्य प्रदेश के फलक पर महाराष्ट्र का अख़बार कैसे चलेगा, बहनजी?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा माय बोलली. ती हिंदी बोलायचा प्रयत्नही करत नसे, बाजारात सुद्धा नाही. तिनं डोक्यावरचा पदर ठीक केला आणि आपल्याच बोलीत म्हणाली, “साहेब, मेडल हरवाले पयले ते जितावं लागते. जो जितलाच नाही, त्याचं काय हरवन? माह्या मानसानं जितलं, म्हनून तं हरवलं! तुमचं कोनाचं हरवलं का आजपर्यंत एक तरी?”

हसणं बंद झालं. आमच्या गावात सगळेच मराठी बोलत नसतील, पण ऐकून समजतं सगळ्यांना. मोठे बाबू खाली बघून मिशीत हसत होते. भैयाजींनी चहाचा कप सरकवला आणि म्हणाले, “बात तो आपने बड़ी अच्छी कही. लेकिन कागज़ कागज़ है. शालिक खुद आए, लिखकर माफ़ी माँगे कि गलत जानकारी दी थी, नई अर्ज़ी लगाए. तब सोचेंगे.”

“माफी?” माय म्हणाली. “कायची?” आणि तिनं पेटीचं झाकण असं आदळलं की समोशाची प्लेट उडाली.

मी आजही म्हणते, त्या दिवशी आम्ही जिंकून बाहेर पडलो. पण घरी बाबाला सांगायचं होतं, ते मलाच सांगायचं होतं. तो मिलमधून आला, हातपाय धुतले, “आज काय हाये?” म्हणून चुलीकडे बघायला लागला. मायनं मान वळवली. मी सगळं सांगितलं. काना, हापशी, पेटी, माफीनामा. मग तो अंगणात गेला आणि मला हाक मारली. “पोरी, पोतं धर.”

पोतं धरणं पोरांचं काम होतं, मला त्यानं कधी धरू दिलं नव्हतं. मी मिठी मारून उभी राहिले, गाल कोंड्याच्या पोत्याला लागलेला. पहिला ठोसा आला आणि मी दोन पावलं मागे गेले. दुसऱ्याला दात वाजले. तिसऱ्याला मी पोत्यासकट फिरले आणि आंब्याच्या खोडाला टेकले. छातीत, पोटात, कानात तो ठोसा घुमत होता. चाळिशीतला माणूस, दिवसभर क्विंटलाची पोती उतरवून आलेला. तो थांबला. धाप लागली होती. “आता सांग,” तो म्हणाला, “मी हारलो का?”

“नाही, बाबा.”

“मंग झालं.”

“पण नाव नाही येणार फळ्यावर. फक्त एक अर्ज द्यायचा, मी नीट लिहिते या वेळी.”

“मी एक डाव जितलो,” तो म्हणाला. “आता कागदावर दुसरा डाव कायले जितू? आन् माफी कोनाची मागू, ज्याले म्या पाडलं त्याची?” मग माझ्या डोक्यावर कोंड्यानं भरलेला हात ठेवून म्हणाला, “तू रडू नको. तुही हिंदी कच्ची हाये, ते पक्की कर.”

माझ्या आयुष्याची दिशा म्हणाल तर त्या वाक्यानं ठरली. मी हिंदीत एमए केलं, शिक्षिका झाले आणि तीस वर्षं याच जिल्ह्यात हिंदी शिकवली. परसवाड्याला होते, कटंगीला होते. कटंगीत तर वर्गातली निम्मी पोरं ‘मेरी कॉपी हरा गई’ म्हणायची. बाकीचे शिक्षक हसायचे. मी कधी हसले नाही. फळ्यावर दोन्ही शब्द लिहून फरक समजावायचे आणि म्हणायचे, घरी मात्र हरवलंच म्हणा रे.

फळ्यावर बाबाचं नाव आलं नाही. त्यानं माफी मागितली नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मायनं त्या दिवसापासून पेटी आतल्या खोलीत ठेवली नाही. पुढच्या खोलीत, दार उघडलं की समोर, झाकण उघडं टाकून. आल्यागेल्याला पाणी देण्याआधी ती झाकणाकडे बोट करायची. “वाचा,” म्हणायची. ज्यांना मराठी येत नव्हतं, त्यांना मी वाचून दाखवायचे. शिकायला येणारी पोरं हळूहळू परतली. त्यांतला एक पुढे फौजेकडून खेळला, एक स्वतः पंच झाला. बाबा गेला तेव्हा दोघांनी खांदा दिला.

चुलतभावाला माझं उत्तर हे आहे. एकदाच जिंकला, हौ. नॅशनलला गेला नाही, कारण जायच्या आधीच बोटाचं हाड मोडलं आणि मग पोट भरायचं होतं. पण ज्या माणसानं आपल्याच लेकीच्या हातून झालेली हार गुपचूप पचवली, तिला दोष दिला नाही, आणि खोट्या माफीवर विकत मिळणारं नाव नको म्हणून फळा सोडून दिला, त्याचा फोटो भिंतीवर नाही लावायचा तर कोणाचा लावायचा? तुम्ही मेडलं मोजता, मोजा. मी तो ठोसा अंगावर घेतलाय. माझं माप वेगळं आहे.

नव्या दालनाचा फॉर्म मीच भरला. आता सगळं संगणकावर, चौकोनात लिहायचं. नाव, वजनगट, स्पर्धा. ‘पदक’ असं लिहिलेल्या चौकोनापाशी मी बराच वेळ थांबले. ‘खो गया’ लिहिता आलं असतं. ‘अनुपलब्ध’ असा भारदस्त शब्दही मला येतो. मी लिहिलं, ‘हरवलं’. मराठीत, अनुस्वारासकट. परवा तिथल्या कार्यालयातून एका मुलीचा फोन आला, आवाजावरून पंचविशीची असेल, मोठी अदबशीर.

“मैम, आपने पदक वाले कॉलम में कुछ ‘हरवलं’ लिखा है. हिंदी में इसका मतलब क्या हुआ?”

“दो मतलब हैं,” मी म्हटलं. “एक, गुम गया. दूसरा, हरा दिया.”

“तो मैं यहाँ कौन-सा लिखूँ, मैम?”

“दोनों लिखो, बेटा,” मी म्हटलं. “पर ‘हरा दिया’ पहले लिखना.”